मऊ उजेडाचा मांडव

रामकिसन फिटर युगांडातून सुटीवर आला आणि त्याने भालचंद्रपंतांच्या ओट्यावर एक चामड्याची पेटी ठेवली. या पेटीपायी भर वैशाखात आपल्याला नवरदेव ठरवलं जाणार आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर पंतांनी ती उघडलीच नसती. पण असल्या गोष्टी आधी कोणी सांगत नाही. "मी तवाच म्हणलो होतो" असं म्हणणारे मात्र नंतर गल्लीत डझनभर निघाले.

पेटीत हलती चित्रं घ्यायचा कॅमेरा होता. पंतांचा थोरला भाऊ गिरिधर जालन्याच्या जिनिंग कारखान्यातून तिकडच्या कापसाच्या कारखान्यात गेला तो गेलाच. लग्नही त्याने तिकडच्याच एका पोस्टमास्तरांच्या मुलीशी केलं. इतक्या वर्षांत ना त्याला आई दिसली, ना आईला सून. रामकिसन त्याच्या हाताखाली होता. त्याच्याकडे गिरिधरने कॅमेरा, एकच रीळ आणि निरोप दिला होता, की आईला चालताबोलताना बघायचं आहे, रीळ भरून परत पाठव. रामकिसन पुढच्या आठवड्यात मुंबईची गाडी धरणार होता.

काम एवढंसं होतं. आईला अंगणात उभं करायचं, चावी भरायची, खटका दाबायचा. पंत मुन्सफाच्या कोर्टात अहलकार, म्हणजे कारकून होते. याहून कितीतरी अवघड कामं त्यांनी आजवर पार पाडली होती, किंवा निदान शेजारच्या मेजावर सरकवली होती.

अडलं ते आईपाशी. द्वारकाबाईंनी पेटीकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "मी न्हाई त्याच्यासमोर बसायची."

द्वारकाबाईंच्या तोंडावर देवीचे वण होते. लहानपणी देवी आल्या, जीव वाचला, वण राहिले. घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. जन्मात एकदाच त्यांचा फोटो निघाला होता, तोही गिरिधरच्या मुंजीत, भर दुपारी, अंगणातल्या उन्हात. त्यात एकेक वण असा उठून दिसत होता की त्यांनी तो फोटो चुलीत घातला. तेव्हापासून फोटोवाला कुठल्याही कार्याला आला की त्यांना नेमकं आतलं काम निघे.

"दादा बघणार आहे गं," पंत म्हणाले.

"तो एकटा बघणार आहे का? त्याची बायको बघेल, तिचे आईबाप बघतील. पहिल्यांदा सासू दिसणार, ती अशी?" पोराच्या डोळ्यांसमोर एकदा तरी जावं, असं त्यांना फार वाटत होतं. मग त्या म्हणाल्या, "तोंड साफ दिसत असेल तर बसते. पण तुझ्या सांगण्यावर न्हाई. मी स्वतः आरशात बघीन. मला पटलं तरच तुझी ती चावी फिरव."

झालं. आईचा चेहरा, हातातला आरसा आणि रामकिसनची निघायची तारीख, यांच्या मध्ये पंत सापडले.

रामकिसन कारखान्यात यंत्रं दुरुस्त करी, त्यामुळे यंत्र नावाच्या कुठल्याही वस्तूवर तो अधिकाराने बोले. "पंत, ऊन्ह डोक्यावरून पडलं की खड्ड्यात सावली बसती. उजेड मऊ पाह्यजे. तिकडं गोरे लोक बराबर मऊ उजेडात काढून राह्यले."

"मऊ म्हणजे कसा?"

रामकिसनने बराच विचार केला. "मऊ म्हंजे... मऊ," तो म्हणाला.

पंतांनी मऊ भात पाहिला होता, मऊ गादी पाहिली होती, आणि एकदा ईदच्या आदल्या दिवशी मुन्सफसाहेबांचा आवाज मऊ झालेलाही ऐकला होता. उजेडाच्या बाबतीत मात्र त्यांचा अनुभव असा की तो एकतर असतो, नाहीतर कंदील लावावा लागतो.

त्यांनी आईला माजघरात बसवलं. तिथला उजेड भलताच मऊ होता. इतका, की त्यात आई दिसेना. द्वारकाबाईंना आरशातलं तोंड पसंत पडलं, पण ते दिसत नाही म्हणूनच पसंत पडलं असावं. रामकिसन म्हणाला, असं काढलं तर रीळ बिलकुल काळं निघेल. मग ओट्यावर बसवलं. तिथे अर्धं तोंड उन्हात आणि अर्धं सावलीत आलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "एका बाजूनं बसते आणि एका बाजूनं न्हाई बसत. चालेल का?"

एव्हाना गल्लीला बातमी लागली होती. समोरच्या गोजरबाईंनी साय आणि हळद आठवडाभर चोळायला सांगितली. शेजारचे कारभारी जिनिंगच्या गोदामावर होते आणि कुठल्याही कामात पैसा सोडून हवं ते द्यायला तयार असत. त्यांनी सांगितलं, "उजेड खालून मारा, पंत. वरून सावली पडती ना? मंग खालून मारा, निघून जाईल. पत्रे देतो मी." आणि त्यांनी खरोखरच हातगाडीवर कोरे करकरीत पत्रे धाडले.

पत्रे अंगणात मांडले. द्वारकाबाई मध्ये बसल्या. खालून असा काही लखलखाट उठला की त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी कसाबसा आरसा समोर धरला आणि "अगं बाई, ही कोण हडळ?" म्हणून पालथा घातला. एका पत्र्याची तिरीप गोजरबाईंच्या गोठ्यात शिरली आणि त्यांची म्हैस दावं तोडून मोंढ्याच्या बाजाराच्या दिशेने गेली. ती मोंढ्याच्या अलीकडेच सापडली. पण गोजरबाईंनी साय-हळदीचा सल्ला मागे घेतला आणि पंतांशी बोलणं बंद केलं.

मग ढगांची वाट पाहायचं ठरलं. हा सल्ला कोर्टातल्या एका वकिलांचा होता. वैशाखात जालन्याच्या आभाळाकडे ढग मागणं म्हणजे सुटीच्या दिवशी कोर्टाकडे निकाल मागणं, हे त्या वकिलांना ठाऊक असायला हवं होतं. पंत दोन दिवस रजा टाकून आभाळाकडे बघत बसले. त्यांची मान तेवढी अवघडली.

उपाय सापडला तो आपोआप. तिसऱ्या दिवशी सकाळी पंत तोंड धुऊन मागे वळले, तर आई दोरीवर त्यांचं धोतर वाळत घालत होती. ऊन धोतराच्या पलीकडे होतं आणि आई अलीकडे. धोतरातून गाळून आलेला उजेड तिच्या तोंडावर पसरला होता. डोळ्यांखालची सावली नाही, वणांची नाही. पंत तोंडातलं पाणी तोंडातच ठेवून उभे राहिले. आपली आई देखणी आहे, हे त्यांना वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा कळलं. आणि कळल्यावर थोडी लाजही वाटली.

"आई, हलू नकोस!"

"का? विंचू आहे का?" म्हणून द्वारकाबाई हलल्याच.

आता काम धोतराचं होतं. पंतांनी घरातली झाडून सगळी धोतरं काढली. आईने ती एकाला एक टाचून दिली. हे पाल छतासारखं अंगणावर ताणायचं तर बांबू हवेत. नेमका त्याच दिवशी केदारखेड्याहून रखमाजी आला. पंतांची तिकडची जमीन तो करी आणि वर्षाची ज्वारी गाडीत घालून आणून टाकी. पंतांची सासुरवाडीही केदारखेड्याचीच. त्यांची बायको शरयू दोन्ही मुलींना घेऊन महिनाभर माहेरी गेली होती. ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही. पुढे मात्र सगळ्यांच्याच आली.

रखमाजी कामाला वाघ होता. त्याने कारभाऱ्यांकडून बांबू आणले, खड्डे खोदले, धोतरांचं पाल कडक ताणून बांधलं. मग मागे सरून त्याने कामाकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"मालक, निस्तं पांढरं बरं दिसत न्हाई. कोणी गेल्यावानी वाटतं."

"असू दे रे. उजेडासाठी आहे ते."

"उजेडासाठी हाये, पर माणसं काय म्हंतील?" आणि पंत पेटी आणायला आत गेले तेवढ्यात रखमाजीने आंब्याचे डहाळे तोडून चारी बांबूंना बांधले, दाराला तोरण लावलं आणि कोपऱ्यात कळशीवर कळशी रचून ठेवली. हात लागलेलं काम तो अर्धवट टाकत नसे.

तोवर ऊन भिंतीआड गेलं. चित्र उद्या दुपारी काढायचं ठरलं. रखमाजी बैल जुंपून केदारखेड्याला निघाला. पंत दारात उभे राहून पालाकडे समाधानाने बघत होते. वाटेने कारभारी आले. ते थांबले, त्यांनी तोरण पाहिलं, डहाळे पाहिले, कळशा पाहिल्या.

"मांडव?" ते हळूच म्हणाले.

"मांडव कसला? आईची अट होती, म्हणून केलं."

कारभाऱ्यांनी मान डोलावली. समजूतदार माणसाने डोलवावी तशी डोलावली आणि ते घरी न जाता गल्लीत आणखी पुढे गेले. बायको माहेरी, पदरात दोन मुलीच, वैशाखाचा महिना, दारात मांडव, आणि म्हणे आईची अट. सांजवेळेपर्यंत गल्लीत बेरीज झाली होती. फक्त नवरी कुठली, यावर दोन मतं होती. एक पार्टी अंबडची म्हणत होती, एक परतूरची.

पंतांना यातलं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ताशेवाले येऊन उभे राहिले आणि सुपारी मागू लागले, तेव्हा त्यांना वाटलं घर चुकलं असेल. त्यांनी शेजारचं दार दाखवलं. शेजारून कारभाऱ्यांनी पुन्हा पंतांचं दाखवलं. ताशेवाले बिचारे दोन्ही ओट्यांच्या मध्ये बसून राहिले.

त्यानंतर ठाण्याच्या अमीनाने, म्हणजे फौजदाराने, धाडलेला पोलीस जवान आला. सरकारच्या परवानगीवाचून चार माणसं जमवायची नाहीत, असा त्या दिवसांत कडक हुकूम होता. त्या हुकमाच्या नकला पंतांनी स्वतःच्या सुरेख उर्दू अक्षरात कितीतरी वेळा उतरवल्या होत्या. तो आपल्या घराला लागू होईल, हे मात्र त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"पंतजी, अमीनसाब पूछ रहे, जलसा काहे का है?" जवान म्हणाला. "इजाजत ली?"

"जलसा नाही. उजेड मऊ करायचा आहे."

जवानाने टोपी मागे सारली. "लिख के देव."

पंतांनी दौत-टाक आणून तिथल्या तिथे दरख्वास्त लिहिली. वालिदासाहेबांच्या, म्हणजे मातोश्रींच्या, चेहऱ्यावर नरम रोशनी पाडण्याकरिता अंगणात कपडा बांधला आहे, तरी मेहरबानी करून मंजुरी असावी, असा मजकूर होता. जवानाने ती दोनदा वाचून घेतली.

"रोशनी तो रात को करते, पंतजी. दिन में काय को?"

याला पंतांजवळ उत्तर होतं, पण ते द्यायला सुरुवात करणार तोच गोजरबाई शेजारच्या बायका घेऊन आल्या. हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. म्हशीचा राग त्यांनी मंगल कार्यापुरता बाजूला ठेवला होता. "न बोलावता आलो बाई," त्या द्वारकाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "आपल्याला कोण पुसतं? पर मांडव घातला म्हणल्यावर पाय न्हाई राह्यला." आणि नेमक्या त्याच वेळी रखमाजीची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली.

झालं होतं असं, की रखमाजी रातोरात केदारखेड्याला पोचला आणि मालकाच्या सासुरवाडीला चार शब्द सांगावेत म्हणून आवर्जून थांबला. घरी सगळं ठीक, मांडव झकास झाला, डहाळे मी माझ्या हातानं बांधले, असं त्याने सांगितलं. कोणी काही विचारायच्या आत शरयू मुलींना घेऊन गाडीत बसली होती.

गाडी थांबली. शरयू उतरली. तिने मांडव पाहिला, ताशे पाहिले, हळदीकुंकवाचं ताट पाहिलं, जवान पाहिला. ती फार मोठ्याने बोलली नाही, आणि पंतांना तेच जड गेलं.

"कुठाय ती?"

"कोण?"

"नवी."

पंतांनी तोंड उघडलं. कोर्टात सबंध दिवस साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेणारा हा माणूस, त्याला स्वतःची जबानी देता येईना. "अगं, उजेड..." ते म्हणाले. "आईवर उजेड... धोतरं आहेत ही माझी..." जवान म्हणाला, "मैं भी वही पूछ रहा, बाई." रामकिसन या सगळ्यात पेटी छातीशी धरून भिंतीला टेकला होता आणि आपण कोणाच्याच बाजूचे नाही असा चेहरा करून उभा होता. पंतांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चाळीस वर्षं राखलेली अब्रू पाचसहा धोतरांपायी चालली होती.

तेव्हा द्वारकाबाई स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच होतं. मांडवाच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी सुरुवात केली ती गोजरबाईंपासून.

"लाज न्हाई वाटत? माझ्या सुनेवर सवत आणीन मी? लेकी झाल्या म्हणून? मला काय झालं होतं पहिल्यांदा, माहीत न्हाई का तुम्हाला? दोन लेकीच झाल्या होत्या, दोन्ही देवीत गेल्या. घरात लेकी असल्या तर दिवा लावावा माणसानं." मग त्या कारभाऱ्यांकडे वळल्या. "आणि तुम्ही! बांबू देता, पत्रे देता, वर वावड्या पण तुम्हीच देता?" जवानाला त्यांनी सांगितलं, "तुझ्या अमीनाला सांग, मी या घरात मेले तर माणसं जमतील. त्याची परवानगी आताच मागून ठेवते." शेवटी शरयूजवळ जाऊन त्यांनी तिच्या डोक्यावर पिठाचाच हात ठेवला. "तू आत ये गं. उन्हाची आलीस."

मग गोजरबाईच हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, तुमचं तोंड."

"काय झालं तोंडाला?"

"न्हाई... झालं काहीच न्हाई. लई चांगलं दिसून राह्यलं."

सूर्य माथ्यावर आला होता आणि धोतरांमधून सगळ्या अंगणावर सारखा उजेड पडला होता. द्वारकाबाईंनी आरसा मागितला. शरयूनेच आणून दिला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी गालावरून बोट फिरवलं, पुन्हा पाहिलं. मग हात धुतले, हिरवं लुगडं नेसून आल्या, पाटावर बसल्या आणि नव्या नवरीसारख्या लाजत म्हणाल्या, "भालू, जल्दी कर. ऊन्ह सरकेल."

पंतांनी चावी भरली. द्वारकाबाई हसल्या, उठल्या, तुळशीला पाणी घातलं, नातींना जवळ ओढलं, शरयूचा हात धरून पुन्हा बसल्या. कारभारी कॅमेऱ्यासमोरून काही काम नसताना तीनदा गेले. जवान मिशीला पीळ भरत बांबूशेजारी उभा राहिला. ताशेवाल्यांनी फुकट ताशा वाजवला, त्याचा आवाज काही रिळात येणार नव्हता. रीळ संपलं. मांडव घातला तर रिकाम्या हाती उतरवायचा नसतो, असं गोजरबाईंनी बजावलं, म्हणून पाच सवाष्णींची ओटी भरून आणि ताशेवाल्यांना पोटभर जेवू घालूनच धोतरं खाली आली. पंतांना त्या दिवशी संध्याकाळी नेसायला पंचा होता.

वर्ष उलटलं. या वर्षात द्वारकाबाई निराळ्याच झाल्या. देवळात जाताना पदर पुढे ओढणं त्यांनी सोडलं. "तिकडं सुनेनं मला बघितलं म्हणा," असं त्या कोणालाही सांगत. पुढच्या वैशाखात रामकिसन पेटी घेऊन परत आला तेव्हा त्या त्याला पाणीसुद्धा न देता विचारू लागल्या, "बघितलं का गिरिधरनं?"

"बघितलं ना! घरात चादर लावून सगळ्यांनी बघितलं. दादांनी समद्यांला वळखलं. गोजरबाईला चालीवरून वळखलं. कारभाऱ्याला बघून लई हसले."

"आणि मला? सून काय म्हणाली?"

रामकिसन पेटीशी चाळा करू लागला. "वैनी म्हणल्या, बाई लई सुंदर हायेत. मंग दादा म्हणले... म्हणले, समदे आले, पर आई कुठंय? ही पाटावरची कोण? शरयूची आई का?"

पंत मध्येच म्हणाले, "अरे, तू सांगायचं नाहीस का?"

"सांगतलं की. हीच आई म्हणलं. तर म्हणले, चूप बस. माझ्या आईच्या गालावर देवी हायेत. लहान होतो तवा त्याच्यावर बोट ठेवल्याबिगर मला झोप न्हाई यायची. मंग पुन्हा लावायला सांगतलं. तुळशीला पाणी घातलं ना तुम्ही, तिथं हातावरून वळखलं. मंग रडले. म्हणले, आई हाये, पर तोंड आईचं न्हाई."

पंतांना वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. एवढी सगळी खटपट करून आपण भावाला परकी बाई पाठवली. आईची समजूत कशी घालावी, याची ते मनात वाक्यं जुळवू लागले. द्वारकाबाई खाली बघत होत्या. त्यांचा हात आपोआप गालाकडे गेला होता.

"दुसरं रीळ दिलंय का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"दिलंय."

त्या उठल्या. घरातल्याच लुगड्यावर, पाट न घेता, अंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ऊन इतकं कडक होतं की जमिनीवर पाय ठरत नव्हता. पंत पेटी घेऊन मागोमाग गेले. "आई, इथे नको. कपडा बांधतो, दहा मिनिटं थांब," ते म्हणाले.

"काही बांधू नको." त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि तोंड वर उन्हाकडे केलं. पंतांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"इतक्या लांबून कशाला? जवळ ये," द्वारकाबाई म्हणाल्या. "आणखी ये. बोट ठेवता आलं पाहिजे त्याला."